सोळावा ठोका

मत्तीकेरेत नीला दाबकेला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. घरमालकीण, दूधवाला, कोपऱ्यावरचा वाणी, सगळ्यांची ती नुसती अक्का. आई होती तोवर घरात 'नीले' ऐकू यायचं. आई गेली आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं.

वडील सांगलीहून इथल्या घड्याळांच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शाळा मराठी, कन्नडचा गंध नाही. पुढचं शिक्षण इथे कसंबसं उरकलं आणि एकोणिसाव्या वर्षी ती त्याच कारखान्यात लागली. चार वर्षांत ती तपासणीच्या टेबलावर गेली. तयार झालेलं मनगटी घड्याळ उभं, आडवं, पालथं धरून ते पुढे पळतंय की मागे पडतंय हे बघायचं. त्यासाठी यंत्र होतंच, पण यंत्रावर ठेवण्याआधी नीला ते कानाशी धरायची, आणि बहुतेक वेळा यंत्र तिच्याच कानाचं म्हणणं खरं करायचं. घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. सव्वीस वर्षं ते पाच ठोके ऐकून ऐकून तिच्या अंगात इतके मुरले होते की दूध उतू जायला किती अवकाश आहे तेसुद्धा ती न बघता सांगायची.

लग्न दोनदा जुळत आलं आणि राहिलं. आधी वडिलांचं दुखणं, मग आईचं. त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. सकाळी पूजा, मग कारखान्याची बस, संध्याकाळी जपाची माळ, गुरुवारी दत्ताची आरती. सहा दिवस असे सरायचे. रविवार मात्र खायला उठायचा. दुपारी चार वाजले की काय करावं ते तिला सुचत नसे. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घ्यायची.

चौऱ्याण्णव साली वरच्या मजल्यावर तीन मुलं भाड्याने राहायला आली. तिघेही एका सरकारी कंपनीत नवे इंजिनियर. विलास पुण्याचा, बोलका, दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द पेरणारा. बसवंत निपाणीचा, धिप्पाड, मराठी बोलतोय की कन्नड हे त्याचं त्यालाच ठाऊक. तिसरा अमित, हर्णैचा. तो जिन्यात भेटला की मान हलवायचा आणि बाजूला व्हायचा. रविवारी त्यांच्याच कंपनीतली यशश्री यायची. ती नागपूरची, मल्लेश्वरमला मुलींच्या वसतिगृहात राहायची.

एका रविवारी दुपारी वर एवढा गलका झाला की नीलाला वाटलं, पोरांची हातघाई जुंपली. ओला हात पदराला पुसत ती जिना चढली.

"अरे, काय चाललंय? मालकीणबाई जागा खाली करायला लावतील."

चौघे चटईवर गोल करून बसले होते. मध्ये झेरॉक्सचे कागद, पेन्सिली, आणि कधी न पाहिलेले बारा-वीस पैलूंचे फासे.

"ह्याने मला मारलं, अक्का," विलास बसवंतकडे बोट दाखवून म्हणाला.

"कुठे मारलं?"

"गुहेत."

नीला त्याच्याकडे बघत राहिली. मग यशश्रीला हसू आवरेना. "बसा अक्का, मी सांगते. हा लढाईचा खेळ आहे, तोंडी. विलासचा भाऊ अमेरिकेतून नियम घेऊन आला, त्याची झेरॉक्स काढली आम्ही. आम्ही तिघं तीन वीर. बसवंत गोष्ट चालवते आणि राक्षसपण तोच होते."

"बरं. मग?"

"एकेकाची पाळी येते. आपल्या पाळीला आपण काय करतो ते सांगायचं आणि फासा टाकायचा. त्याशिवाय दर फेरीला एकेक जादा चाल मिळते. ती दुसऱ्याच्या पाळीत मध्येच घालता येते. म्हणजे बघा, राक्षस माझ्यावर तलवार उगारते, तेव्हा मी ढाल पुढे करू शकते. नाही तर विलास मध्ये उडी घेऊ शकते. पण फेरीला एकदाच. एकदा वापरली की संपली."

"आणि ती फासा पडल्यावर, निकाल सांगायच्या आत मागायची असते," विलास म्हणाला. "मी मागितली होती."

"नंतर मागितलास की," बसवंत म्हणाला.

"आधी."

"नंतर. देवाशप्पथ अक्का, नंतर."

"निकाल सांगायला वेळ किती ठरलाय?" नीलाने विचारलं.

"ठरलेला नाही. तो तोंड उघडेल तेव्हा."

"मग भांडणारच तुम्ही. वेळ ठरलेली नसली तर कुठलंच घड्याळ नापास होत नाही." आणि इतक्या वर्षांत कारखान्याबाहेर कधी केलं नव्हतं ते तिने केलं. हातातलं किल्लीचं घड्याळ काढून कानाशी धरलं. "फासा थांबला की तीन सेकंद. म्हणजे पंधरा ठोके. तेवढ्यात मागितली तर मिळाली. पंधरा झाले की मी 'झालं' म्हणेन. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी नाही."

"सरी, ठरलं," बसवंत म्हणाला. "पण ब्रह्मदेव गोष्टीत नाही अजून."

त्या दिवशी ती सात वाजेपर्यंत वर बसली. खाली आली तेव्हा देवापुढे दिवा लावायची वेळ टळून गेली होती. देवाची क्षमा मागून तिने दिवा लावला, पण मनातून तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी चारला पाच मिनिटं असताना विलासने जिन्यावरून हाक मारली. "अक्का, येताय ना? तुमच्याशिवाय आमचं कोर्ट बसत नाही."

तिने साडी बदलली होतीच.

दोन-तीन रविवारांत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. विलास आपली जादा चाल पहिल्या धक्क्यालाच उधळून टाकायचा आणि मग फेरीभर हात चोळत बसायचा. यशश्री ती फार जपायची, आत्ता नको, पुढे लागेल, असं म्हणता म्हणता फेरी संपायची आणि चाल वाया जायची. अमितची मात्र कधी पडतच नव्हती. फासा थांबला की त्याचे ओठ हलायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि पहिलं अक्षर आतच अडकून राहायचं. मग विलास चांगुलपणाने म्हणायचा, "त्याला जादा चाल म्हणायचंय." तोवर पंधरा ठोके होऊन गेलेले असत. अमित हाताने 'राहू दे' म्हणायचा. तिसऱ्या रविवारी तर त्याने ओठ हलवणंही सोडून दिलं.

नीला घरी येऊन विचार करत बसली. त्याला पाच ठोके वाढवून द्यावेत, असं आधी मनात आलं. पण सगळ्यांदेखत एकट्याला वेगळं माप लावलं, तर तो उद्यापासून खाली मान घालून बसेल. कारखान्यात त्यांच्या तपासणीच्या खोलीत बोलायला बंदीच होती. कुणाला काही नापास करायचं असलं तर ते समोरच्या ताटलीत ठेवायचं, बस्स. ते तिला आठवलं. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर ती चिकपेटच्या बाजारात गेली, एक जाड काठाचं पितळी तबक घेतलं आणि चार मोठ्या सुपाऱ्या. पूजेच्या डब्यात सुपाऱ्या होत्या, पण राक्षस मारायला त्या काढणं तिला बरं दिसेना.

"आजपासून तोंडाने मागायचं नाही," तिने रविवारी सांगितलं. "तुमच्या ओरडण्याने माझं डोकं उठतं आणि ठोके चुकतात. चौघांना एकेक सुपारी. जादा चाल हवी तर तबकात टाका. वाजली की मोजली. काय करायचंय ते मग सावकाश सांगा."

"राक्षसालापण सुपारी?" बसवंतने विचारलं.

"त्यालाही. माप एकच."

अमितने आपली सुपारी तळहातावर घेऊन पाहिली. मग मूठ मिटून बसला. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याची चाल पडली, आणि ती पडली चौदाव्या ठोक्याला. विलासची, यशश्रीची आणि राक्षसाची, तिघांच्याही सुपाऱ्या आधीच तबकात जाऊन पडल्या होत्या. आता अडवायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. टण् आवाज झाला. अमितने सावकाश, मध्ये दोनदा थांबून, आपलं म्हणणं सांगितलं. त्याचा वीर लढवय्या नव्हता, होडी हाकणारा तांडेल होता, हातात नुसतं वल्हं. ते वल्हं त्याने राक्षसाच्या पायांत घातलं.

बसवंतने कपाळावर हात मारला. "अय्यो. हा मुका बसून आमचं सगळं बघत होता की."

पुढे वर्षभर हेच चाललं. जादा चाल केव्हा टाकावी, हे त्या खोलीत अमितइतकं कुणालाच कळत नव्हतं. दुसऱ्यांच्या सुपाऱ्या संपायची वाट बघायची, पण इतकीही नाही की आपलीच वेळ टळेल. तेरा, चौदा, कधी थेट पंधरा. नीला मनातल्या मनात मोजत असायची, आणि त्याची सुपारी पडली की तिला आतून बरं वाटायचं, सहाही बाजूंनी तपासलेलं घड्याळ यंत्रावर बिनचूक निघावं तसं.

गुरुवारी तो आरतीला खाली येऊ लागला. आरती म्हणताना त्याचा शब्द कुठेच अडत नसे, हे तिला पहिल्याच गुरुवारी कळलं. ती त्यावर काही बोलली नाही. आरतीनंतर तो आईच्या खुर्चीत बसून चहा घ्यायचा. बोलायला लागला की एकेका वाक्याला वेळ लागायचा. नीलाला त्याची घाई नव्हती. एकेक घड्याळ दोन-दोन दिवस बघत बसलेली बाई ती. हर्णैच्या बंदराची गोष्ट त्याने तीन गुरुवार मिळून सांगितली.

कारखान्यात त्याच सुमारास सेलची घड्याळं आली. त्यांना ते पाच ठोके नव्हते, कानाशी धरून काही उपयोग नव्हता. तिच्या खात्यातल्या बायका एकेक करून दुसरीकडे हलवल्या गेल्या. सोळा टेबलांची पाच झाली. नीला घरी येऊन कुणाला सांगणार? देवाला सांगायची आणि रविवारची वाट बघायची. चार ते सात. आठवड्यात तेवढे तीन तास कुणीतरी तिचा शब्द शेवटचा मानत होतं, आणि तेवढे तीन तास ती त्यांच्यात बसलेली असायची. ते हातचं जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत त्यांच्या गोष्टीतली मोठी लढाई आली. नदीच्या बांधावर मगरीच्या तोंडाचा राक्षस. सगळे ताणलेले होते, कारण त्यांचा नियम कडक होता: ज्याचा वीर मेला तो ती गोष्ट संपेपर्यंत बाहेर. आणि ही गोष्ट आणखी चार महिने तरी संपणार नव्हती.

पाचव्या फेरीत मगर तांडेलावर आली. बसवंतने फासा टाकला. वीस पैलूंचा फासा गडगडत जाऊन तबकाला टेकला आणि थांबला. एकोणीस. म्हणजे तांडेल गेला, आपली जादा चाल टाकून पाण्यात बुडी मारली तरच वाचेल. नीलाने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अमितच्या हातात सुपारी होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, यशश्रीच्या कागदाकडे बघत होता. नीलाला त्याचं मन कळलं. आता ती वापरली तर पुढच्या पाळीत यशश्रीला वाचवायला त्याच्यापाशी काही उरणार नव्हतं. नऊ, दहा. तो अजून तोलत होता. तेरा. चौदा. पंधरा.

'झालं' तिच्या ओठांवर आलं होतं. सोळावा ठोका पडला आणि त्याच ठोक्यावर सुपारी वाजली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"वेळेत," नीला म्हणाली.

विलासने चटईवर थाप मारली, यशश्रीने "सुटलो" म्हणून श्वास सोडला. तांडेलाने बुडी मारली, मगरीचा घाव फुकट गेला आणि दोन फेऱ्यांनी मगर मेली. त्यांनी खाली जाऊन भजी आणली. अमितने भजी घेतली नाहीत. पोट ठीक नाही, असं हाताने सांगितलं.

नीला त्याच्यासाठी खोटं बोलली की स्वतःसाठी, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. त्याचा तांडेल मेला असता तर तो चार महिने रविवारी तिथे बसला नसता, हे त्या एका ठोक्यात तिच्या मनात आलं होतं, एवढं खरं. सव्वीस-सत्तावीस वर्षांत तिने एकाही पळणाऱ्या घड्याळावर पासचा शिक्का मारला नव्हता. त्या रात्री माळ ओढताना एकशेआठचा हिशेब तीनदा चुकला.

गुरुवारी अमित आला नाही. ती आरतीला पंधरा मिनिटं थांबली, मग एकटीने म्हटली. पुढच्या रविवारी विलास गावाला गेला म्हणून खेळ नव्हता. दुसऱ्या गुरुवारीही अमित आला नाही. शुक्रवारी सकाळी तो नळावर बादली भरत होता. ती कळशी घेऊन गेली आणि कळशी तशीच हातात धरून उभी राहिली.

"बरं नाही का रे?"

त्याने नळ बंद केला. बोलायला सुरुवात केली आणि पहिलं अक्षर नेहमीसारखं अडलं. ती थांबली.

"सोळा होते," तो म्हणाला.

नीलाने कळशी खाली ठेवली.

"मीपण... मोजतो. वर्षभर तुमच्याबरोबर मोजतोय." मग बराच वेळ गेला. मालकीणबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्या आत गेल्या. "ऑफिसात मी तोंड उघडलं की साहेब म्हणतात, हो हो, कळलं. आई फोनवर माझं वाक्य पुरं करते. सगळे... चांगले वागतात माझ्याशी. तुमच्या तबकापाशी मला कुणी चांगलं वागवत नव्हतं. उशीर झाला तर उशीर. म्हणून मी यायचो."

"अरे, मला वाटलं..."

"माहीत आहे," तो म्हणाला. तिचं वाक्य त्याने पुरं होऊ दिलं नाही. बादली उचलून तो जिना चढून गेला.

नीला नळापाशी उभी राहिली. कळशी भरायची आहे हे आठवायला तिला वेळ लागला. सबंध शनिवार तिने विचार केला. गप्प बसलं तर रविवार राहतो. तो नाही आला तरी बाकीचे तिघे आहेत, हाक येईल, साडी बदलायची, वर जायचं. बोललं तर काय होईल ते तिला पुरतं ठाऊक होतं. ज्याचा शब्द शेवटचा, त्याचा शब्द एकदा खोटा निघाला की काय होतं, हे कारखान्यात राहून न कळण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे बसली. मागितलं काहीच नाही, नुसती बसली.

रविवारी ती वर गेली. अमितही येऊन भिंतीला टेकून बसला होता. बसवंत कागद पसरत होता.

"सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय," नीला म्हणाली. "मागच्या लढाईत मगर तांडेलावर आली, तेव्हा सुपारी पंधरात पडली नव्हती. सोळाव्याला पडली. मला कळलं होतं आणि मी वेळेत म्हणाले."

मग विलास हसला. "काय अक्का. दोन आठवडे झाले. इट्स ओके. खेळ तर आहे."

"खेळ आहे म्हणून तर माप नीट हवं."

"म्हणजे मगर जिवंत?" यशश्री म्हणाली. "मी एवढं लढली ते फुकट?"

"मगर मेली ती मेली," बसवंत म्हणाला. गोष्ट तोच चालवायचा, म्हणून ठरवणं त्याच्याकडे होतं. त्याने अमितकडे पाहिलं. "तांडेलाचं तू सांग, बाबा. सोडून देऊ या का?"

अमितने आपला कागद उचलला. वर्षभराचा कागद, कडांना मऊ पडलेला, खोडून खोडून राखाडी झालेला. त्याने पेन्सिलीने तांडेलाच्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि कागद बसवंतपुढे ठेवला. मग नीलाकडे पाहिलं. रागाने नाही. कसं, ते तिला सांगता आलं नसतं. उठून तो बाहेर गेला. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या.

"मग अक्का," विलास जरा वेळाने म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "आधीही असं झालंय का? सप्टेंबरात माझी चाल उशिरा म्हणालात, तेव्हा माझ्या वीराचा हात गेला होता."

"तेव्हा सतरा झाले होते. एकदाच झालं, विलास. हेच एकदा."

"नाही, तुम्ही म्हणता तर असेल. पण आम्हाला कसं कळणार?"

"विलास, पुरे की," बसवंत म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं," नीला म्हणाली.

विलासने मनगटावरचं घड्याळ सोडलं. आकड्यांचं, नवीन. त्यात तीन सेकंद लावता येत होते, संपले की ते टीं असं वाजायचं. त्याने ते तबकाशेजारी ठेवलं. त्यात राग नव्हता. तो वाईट मुलगा नव्हताच. "म्हणजे तुमच्यावर पण लोड नको, अक्का. तुम्ही नुसत्या बसा. बघा ना आमचा खेळ."

ती तासभर बसली. फासा पडायचा, विलास बटण दाबायचा, घड्याळ वाजायचं. तिच्याकडे कुणी बघायचं कारण नव्हतं. पाच वाजता, कुकर लावायचाय, असं म्हणून ती उठली. "तबक राहू दे," ती म्हणाली. यशश्री दारापर्यंत आली. "अक्का, पुढच्या रविवारी याल ना?"

"बघू," नीला म्हणाली.

ती गेली नाही. चार वाजता कुणी हाक मारली नाही, आणि मारली नाही हेच तिला बरं वाटलं, कारण मारली असती तर ती गेली असती आणि कोपऱ्यात बसून राहिली असती.

त्यानंतरच्या गुरुवारी ती आरतीचं ताट लावत होती. दार लोटलेलं होतं. अमित आत आला, चपला बाहेर काढून, नेहमीसारखा. ती तशीच निरांजन लावत राहिली. दोघांनी आरती म्हटली. मग तो आईच्या खुर्चीत बसला, तिने चहा ठेवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला त्या दिवशी फारच वेळ लागला. चहावर साय धरली. तिला मधला शब्द कळला होता, त्याच्या आधीच कळला होता. बदली. तो शब्द तिच्या जिभेवर होता. तिने तो गिळला आणि वाट पाहिली.

"माझी बदली... झालीय. पंचकुलाला. मार्चअखेर."

"पंचकुला म्हणजे कुठे रे?"

"चंदीगडजवळ."

"थंडी असेल तिथे."

"हो." तो थोडा थांबला. "त्या रविवारी तुम्ही बोललात ते... बरं झालं."

साय काढून तिने त्याच्या हातात कप दिला. आणखी चार गुरुवार तो आला, चहा घेऊन गेला. पाचव्या गुरुवारच्या आधीच त्याची गाडी होती. जाताना त्याने वाकून नमस्कार केला आणि हर्णैचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. पंचकुलाचा अजून ठरलेला नव्हता. दिवाळीला तिने त्या हर्णैच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. उत्तर आलं ते त्याच्या आईचं, छान अक्षरात, चार ओळींचं: अमित मजेत आहे, तुमची आठवण काढतो.

वरची मुलं सत्त्याण्णवमध्ये पांगली. विलास अमेरिकेला गेला. बसवंतने लग्न केलं, विजयनगरला घर घेतलं आणि जाताना तबक परत आणून दिलं. अठ्ठ्याण्णव साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचे कागद काढले, तेव्हा नीलाने सही केली. तिच्या खात्यात शेवटी दोनच बायका उरल्या होत्या.

वर आता एक बँकेतलं कुटुंब राहतं. भली माणसं आहेत, संक्रांतीला तिळगूळ आणून देतात. ती अजूनही सकाळी पूजा करते, संध्याकाळी माळ ओढते, गुरुवारी आरती म्हणते. रविवारी मात्र साडेतीन वाजले की कुलूप घालून सँकी तलावाकडे चालत जाते. तळ्याच्या काठाने दोन चकरा मारते, बाकावर बसते, शेंगा विकणारीशी चार शब्द बोलते. सात वाजून गेले की घरी येते. त्या वेळात घरात बसवत नाही, एवढंच.